तांडेलाचे पाय

दत्ताराम दारूला शिवत नाही हे रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तो पिऊन बोटीवर आला, ही बातमी त्या दिवशी मासळीच्याही आधी खपली.

झालं असं की फेब्रुवारीतल्या एका सकाळी दादूशेटची बोट मासळी भरून आत येत होती. दत्ताराम त्या बोटीचा तांडेल. चाक त्याच्या हातात आणि खलाश्यांचा जीवही. धक्क्याला बोट लावणं त्याला इतकं सवयीचं होतं की तो ते करताना गप्पा मारायचा. त्या दिवशी मात्र बोट सरळ येऊन धक्क्यावर आदळली. पुढची फळी तडकली, दोरी घेऊन उभा असलेला खलाशी पाण्यात पडता पडता वाचला. दत्ताराम केबिनमधून बाहेर आला तो भिंत धरून, आणि धक्क्यावर पाऊल टाकलं तसा गुडघ्यांवर बसला. लिलावाला जमलेल्या बायका, टेम्पोवाले, बर्फ ओढणारी पोरं, सगळे बघत राहिले.

"सकाळी सकाळीच घेतलीस रे?" दादूशेट वरून ओरडला.

"नाय हो शेट. पाय उचललाच नाय."

पण जीभही जड झाली होती. शब्द असे लडबडत आले की ऐकणाऱ्यांची खात्रीच पटली.

दादूशेट तसा वाईट माणूस नव्हता. त्याने चारचौघांत शिवी दिली नाही. बोट दुरुस्तीला काढली आणि दत्तारामला म्हणाला, "तू जरा घरी थांब. बोलवतंय मी." आठवड्याने बोट पुन्हा समुद्रात गेली तेव्हा चाकावर दुसराच तांडेल होता.

दत्तारामची बायको शकू शहरात आळीआळीतून मासळी विकायची. तिला ही बातमी गिऱ्हाइकाकडून कळली. खाडीपलीकडच्या भाट्याला, घरी येऊन तिने पाटी उतरवली, हातपाय धुतले आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. मग वाकली. ती आपल्या तोंडाचा वास घेतेय हे दत्तारामच्या लक्षात आलं. धक्क्यावरच्या शंभर माणसांपुढे नव्हतं वाटलं तेवढं त्याला तेव्हा वाईट वाटलं.

"तूपण, शकू?"

ती खाली बसली. "मग काय झालां, ते तरी सांगा."

मग त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी डावा डोळा पंधरा दिवस धुरकट झाला होता. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट लागल्यासारखं व्हायचं. पायाच्या तळव्यांना वाळू आहे की लादी हे कळत नव्हतं. उन्हात तर दोन्ही पाय जणू दुसऱ्या कुणाचे होऊन जायचे. डोळा आपोआप बरा झाला, म्हणून बाकीचंही होईल असं त्याने धरलं होतं.

"दोन वर्षं! आणि मला बोललात नाय?"

"नजर अधू झालेल्या तांडेलाला कोण बोट देणार गो?"

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, आणि कोल्हापूरच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. नवराबायको पहाटेच्या एसटीने आंबा घाट चढून गेली. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. दुसऱ्या फेरीला डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला आणि त्यावरचे पांढरे ठिपके दाखवले. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्याच शरीरातली राखणदार शक्ती चुकून आपल्याच नसांवरचं वेष्टण कुरतडते, असं त्यांनी समजावलं. हा आजार मुळातून जात नाही, पण औषधाने पुष्कळ आवरता येतो. औषध रोज घ्यायचं, खंड पडू द्यायचा नाही.

परतीची एसटी घाट उतरली. तेव्हा शकू म्हणाली, "मला त्यातलां अर्धांच कळलां."

दत्तारामने हवेतच चाक फिरवून दाखवलं. "बोटीचां चाक मी बरोबर फिरवतंय. सुकाणूही धड हाय. पण मधली साखळी घासल्येय. हुकूम तिथपर्यंत पोचतच नाय."

"मग साखळी बदलायची."

"ती बदलत नाय. आणखी घासू नये म्हणून वंगण घालत राहायचां. ते वंगण म्हणजे गोळ्या."

दुसऱ्या दिवशी शकूने लिलावाच्या जागी, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "माझा नवरा पीत नाय. त्याला मेंदूच्या नसांचा आजार हाय. नाव मोठां हाय, मला नीट घेता येत नाय. पण दारू नाय, हां!" काही जणींना पटलं. काही जणींनी फक्त मेंदू हा शब्द उचलला आणि दत्तारामला वेडाचे झटके येतात असं संध्याकाळपर्यंत पसरलं. शकूने कपाळावर हात मारला. पुन्हा सांगायला मात्र गेली नाही.

खरी अडचण गोळ्यांची होती. सरकारी योजनेचं कार्ड त्यांच्याकडे होतं, पण ते भरती झाल्यावर चालतं, घरी घ्यायच्या या गोळ्यांना नाही, असं दवाखान्याच्या खिडकीवर सांगण्यात आलं. महिन्याच्या गोळ्या नऊ हजारांच्या. शकूची चांगल्या महिन्याची कमाई त्याच्या जरा वर. दत्तारामची कमाई आता शून्य. सलोनी, त्यांची एकुलती मुलगी, अकरावी संपवून बारावीत जाणार होती. ती म्हणाली, "मी क्लास सोडते." शकू म्हणाली, "तू अभ्यास कर, बाकी आमी बघू."

आणि तिने बघितलंही. सकाळची मासळी संपली की ती दुपारी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाऊ लागली. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं. महिन्याभरात तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. रात्री ती खोबरेल लावायची आणि भाकरी थापताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ दाबायची. दत्ताराम समोर बसून पाहायचा. घरात बसून तो भांडी घासायला, भात लावायला शिकला होता, पण भाकरी त्याला जमत नव्हती. बोटांना पिठाचा अंदाजच येत नव्हता.

मेच्या मध्यात, हवेत वाऱ्याची झुळूकही नसलेल्या एका सकाळी, दत्तारामला जाग आली ती कमरेखाली काहीच नसल्यासारखं वाटून. त्याने उठायचा प्रयत्न केला. पाय हलले नाहीत. अंथरूण ओलं झालं होतं आणि ते त्याला कळलंही नव्हतं. शकू बाजाराला गेली होती. त्याने सलोनीला हाक मारली आणि ती आत आली तसं तोंड भिंतीकडे फिरवलं.

सलोनी पुढे झाली. चादर ओढून काढली, बापाच्या काखेत हात घालून त्याला भिंतीला टेकवून बसवलं, लुंगी आणून दिली आणि पाठ करून उभी राहिली. "बाबा, आईला फोन लावते. तुम्ही आधी लुंगी बदला."

कोल्हापूरच्या बाईंशी फोनवर बोलून रत्नागिरीतल्या दवाखान्यातच त्याला भरती केलं. सलाइनमधून औषध दिलं गेलं. तिसऱ्या दिवशी अंगठा हलला. आठवड्याने काठी धरून तो दारापर्यंत गेला. भरती असल्यामुळे कार्ड चाललं तेवढाच दिलासा.

त्या आठवड्यात शकू स्वतः औषधाच्या दुकानात गेली. एरवी गोळ्या आणायला दत्तारामच रिक्षाने जायचा. घराबाहेरचं तेवढं एक काम तो कुणाला देत नव्हता. शकूने जुनी पट्टी दाखवली आणि महिन्याच्या गोळ्या मागितल्या.

दुकानदार म्हणाला, "महिन्याच्या? पण ते तर पंधरा दिवसांच्याच नेतात."

"महिन्यातनं दोनदा?"

"नाही वहिनी. एकदाच."

शकू रिकाम्या हाताने दवाखान्यात परत आली. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून तिने पदराने मान पुसली.

"एक दिवस गोळ्या घेऊन एक दिवस सोडत होतात ना?"

दत्तारामने पंख्याकडे पाहिलं. "एप्रिलपासनं."

"आणि उरलेले पैसे?"

"क्लासची फी भरली. दादूशेटनं मागलां येणां दिलां म्हणून तुला बोललो, ते खोटां. शेटनं काय दिलां नाय."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलली. शकूचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"मी काय मजा म्हणून कोळंबी सोलतंय?"

"तुझे हात बघवत नव्हते गो मला."

"हाताला चिरा पडल्या, त्या भरतील. तुमी एकदम आडवे झालात, आता? तुमची ओली चादर ओढताना माझी पोर रडत नव्हती, ठाऊक हाय? ती नंतर मोरीत जाऊन रडली. तेच्यापेक्षा क्लास बुडाला असता तर चाललां असतां."

"मला वाटलां, अर्ध्या गोळ्यांनी अर्धा तरी आवरेल."

"तुमी बोटीत अर्धां डिझेल घालून खोल समुद्रात जाता काय?"

 दत्तारामने हात पुढे केला. शकूने तो घेतला नाही, पण झटकलाही नाही.  मग डब्यातला भात काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

जूनमध्ये, पाय जरा सावरल्यावर, दोघं पुन्हा कोल्हापूरला गेली. डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो पाहिला, कपाळाला आठी पडली. "औषध चालू असताना इतक्या लवकर पुन्हा झटका यायला नको होता. गोळ्या नियमित घेताय ना?"

दत्ताराम "व्हय" म्हणायला तोंड उघडणार, तोच शकू बोलली.

"नाय घेत. परवडत नाय म्हणून नाय घेत. एक दिवसाआड घेतल्यान." तिचा चेहरा लाल झाला होता. "बाई, आमी मासळी विकणारी माणसां. चांगला दर हवा तर आमी भांडतो. पण दवाखान्यात आलो की परवडत नाय म्हणायला जीभ उचलत नाय. तुमी कागदावर लिवलांत ते आमी कपाळावर लिवल्यासारखां धरलां. तेच्यापेक्षा स्वस्त काय असतां की नाय, ते आज सांगा. नसलां तर तसां सांगा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आता सगळं सांगा. घरात कमावतं कोण, महिन्याला किती झेपेल, सगळं."

शकूने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मग एका दुसऱ्या औषधाबद्दल बोलल्या. मुळात ते वेगळ्या आजारांसाठी निघालं, पण या आजारातही डॉक्टर ते बऱ्याच वर्षांपासून वापरतात. ते सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून द्यायचं, एक दिवस दवाखान्यात थांबायचं. भारतात बनतं म्हणून त्यातल्या त्यात स्वस्त. वर्षाचा खर्च गोळ्यांच्या निम्म्याहून खाली येईल.

"मग हेच का नाय दिलां आधी?" शकूने विचारलं.

"त्याला धोकेही आहेत. अंगातली जंतूंशी लढायची ताकद कमी होते. आधी रक्ताच्या तपासण्या लागतील, ताप आला की घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे जावं लागेल. गोळ्या सौम्य होत्या, म्हणून त्या दिल्या. पण न घेतलेली गोळी सौम्य असून काय उपयोग?"

दत्ताराम खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, "बाई, मी परत चाक धरेन काय?"

बाईंनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पाय आणखी सुधारतील. पण तुमच्या हातात दहा माणसांचा जीव असेल असं काम मी करू देणार नाही."

परतीच्या वाटेवर तो खिडकीशी बसला. घाटात धुकं होतं, बाहेर काही दिसत नव्हतं, तरी तो बाहेरच बघत राहिला. शकूने त्याला घाटाखालच्या साखरप्यापर्यंत एकटं सोडलं. तिथे गाडी थांबल्यावर दोन वडापाव घेऊन आली आणि म्हणाली, "खावा. रडायचां असेल तर खाऊन रडा." तो रडता रडता हसला.

पहिलं सलाइन जुलैत लागलं. चमत्कार काही झाला नाही. पण पुढचा झटका आला नाही, आणि जे होतं ते तसंच टिकून राहिलं. ऑगस्टमध्ये पावसाळी बंदी उठून बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. दत्ताराम सकाळी काठी घेऊन भाट्याच्या पुलापर्यंत चालायचा आणि बोटी दिसायच्या आधी मागे फिरायचा.

ऑक्टोबरचं ऊन तापलं तसे पाय पुन्हा लटपटायला लागले. एका सकाळी शकूला डोक्यावर पाटी आणि हातात पिशवी, दोन्ही आवरेनात, म्हणून पिशवी धरायला तो तिच्याबरोबर रिक्षातून बंदरावर गेला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. रिक्षातून बर्फाच्या फॅक्टरीच्या दारापर्यंत वीस पावलं चालताना त्याचा उजवा पाय दोनदा मुडपला. शकूने त्याला आत, बर्फाच्या लाद्या रचलेल्या खोलीच्या तोंडाशी, एका उपड्या क्रेटवर बसवलं आणि ती लिलावाला गेली.

ती परत आली तेव्हा दत्ताराम क्रेटवर नव्हता. तो आत उभा होता, काठीशिवाय, आणि लाद्या ओढणाऱ्या पोराला हूक कसा धरायचा ते दाखवत होता.

"अहो! काठी खंय तुमची?"

दत्तारामने आपल्या पायांकडे पाहिलं. त्यालाही आत्ताच कळलं होतं. "शकू, पाय माझे झालेत बघ. वाळूसारखां लागत नाय खाली. लादी थंड लागत्येय. थंड लागत्येय मला!"

फॅक्टरीची मालकीण हौसावहिनी टेबलापलीकडून सगळं बघत होती. नवरा गेल्यावर गेली काही वर्षं तीच फॅक्टरी चालवत होती, आणि सगळे बोटवाले लाद्या कमी दिल्या म्हणून तिच्याशी रोज भांडायचे. ती म्हणाली, "दत्ताभाऊ, इतक्या दिवसांत फिरकलात नाय तुमी. दारू नव्हती ना ती?"

"नव्हती वहिनी."

"मला तेव्हाच वाटलां होतां. पण बोलले नाय मी. सगळे बोलत होते, म्हणून गप बसले." मग वही पुढे ओढून म्हणाली, "माझा हिशेबाचा पोरगा मुंबईला गेला. बसून काम हाय. कुठल्या बोटीला किती लाद्या गेल्या ते बघायचां, चिठ्ठी द्यायची. सकाळचे चार तास. जमेल?"

दत्ताराम लगेच हो म्हणाला नाही. तांडेल म्हणून ज्या खलाश्यांना त्याने हुकूम दिले होते, त्यांना आता खुर्चीत बसून बर्फाच्या चिठ्ठ्या द्यायच्या. शकूला हे कळत होतं, म्हणून ती पाटीतली मासळी नीट लावत राहिली. शेवटी त्यानेच विचारलं, "पाय नाय चालले एखाद्या दिवशी तर?"

"नाय चालले तर नाय आलात. कळवा म्हणजे झालां."

शकूने कोल्हापूरला फोन करून विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थंडीने आजार बरा होत नाही, पण उष्णतेने जो त्रास वाढतो तो थंडाव्यात कमी होतो. बसावं, अंगावर कपडे नीट घालावेत, खोकणाऱ्या माणसांपासून दूर राहावं.

पहिल्या दिवशी दत्ताराम स्वेटर घालून कामाला गेला. रत्नागिरीत कुणी ऑक्टोबरात स्वेटर घालत नाही, त्यामुळे रिक्षावाल्यापासून सगळे हसले. दहाच्या सुमाराला दादूशेट लाद्यांसाठी आला आणि टेबलापलीकडे त्याला बघून थबकला.

"बरां हाय ना आता?"

"हाय. किती लाद्या?"

"चाळीस." दादूशेट तिथेच घोटाळत राहिला. "तेव्हा मी जरा घाईच केली, दत्ता."

दत्तारामने चिठ्ठी लिहिली. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं. "शेट, तुमी मला काढलांत ते बरोबरच झालां. माझ्या हातात बोट ठेवायला नकोच होती. पण जे बोललात ते बरोबर नव्हतां."

दादूशेटने मान हलवली, चिठ्ठी घेतली आणि गेला. माफी मागितली नाही. दत्तारामच्या मनातही, त्याला वाटलं होतं तितका राग उरला नव्हता.

पगार फार नव्हता, पण सहा महिन्यांच्या औषधाची तजवीज त्यातून होऊ लागली. शकूने शेडमधलं काम सोडलं. मार्च संपला तेव्हा सलोनी बारावीचे पेपर देऊन निकालाची वाट पाहत होती. दत्ताराम आठवड्यातून एखादा दिवस घरीच राहायचा. कधी डोळ्यांपुढे दोन दोन लाद्या दिसायच्या, कधी दुपारपर्यंत असा थकवा यायचा की जेवणाचा घासही जड व्हावा. ते दिवस येणार, हे घरातल्या तिघांनीही आता धरून ठेवलं होतं.

एप्रिलमध्ये एकदा काम संपल्यावर तो खुर्चीतून उठायला गेला आणि पाय हललेच नाहीत. सकाळपासूनच थकवा होता, त्यात बाहेर ऊन रणरणत होतं. हौसावहिनीने शकूला फोन लावला, ती पाटी शेजारणीकडे ठेवून धावत आली. त्याला घरी न्यायला रिक्षा मिळेना. भाट्याच्या बाजूला बर्फ पोचवायला टेम्पो निघाला होता. चालकाने आणि पोरांनी दत्तारामला उचलून मागे, गोणपाटाने झाकलेल्या लाद्यांवर बसवलं. शकू कमरेला पदर खोचून त्याच्या शेजारी चढली.

टेम्पो पुलावर आला तशी खाडीवरची हवा लागली. खालून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. शकूचं लुगडं भिजलं.

"माझ्यामुळे भिजलीस," दत्ताराम म्हणाला.

"मासळी विकणारीला भिजायचां काय भ्या?" तिने त्याच्या पाठीमागून हात घालून त्याला घट्ट धरलं, कारण पुढे वळण होतं. "आता गप बसा आणि माझ्याकडे टेकून राहा."

तो टेकला.